त्रेचाळीस घरांचं बोलावणं

पिशोर
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अश्लेषा,

फोन केला असता, पण फोनवर तू माझं पहिलं वाक्य ऐकतेस आणि दुसऱ्याला हसायला लागतेस. हॉस्टेलच्या चार वर्षांत हे मी पुरतं ओळखलंय. शिवाय तुळशीचं लग्न लागल्यापासून इथं फोन एकसारखा खणखणतोय. म्हणून मेल लिहितेय. तूही मेलच लिही, आणि सविस्तर लिही.

बातमी अशी, की अप्पा आता थांबायचं म्हणताहेत. अप्पा म्हणजे माझे वडील, पुंजाराम आचारी, ज्यांच्या हातची वरण-बट्टी खायला तू दोनदा एसटीनं आलीस आणि दोन्ही वेळा जास्त खाऊन आजारी पडलीस. चाळीस वर्षं आसपासच्या गावांची गावजेवणं त्यांनी पार पाडली. आता गुडघे कुरकुरतात. धंदा कुणाच्या हाती द्यायचा यावर घरात महिनाभर खल चाललाय. भावकीचं म्हणणं, गोकुळला द्यावा. गोकुळ माझा चुलतभाऊ. माणूस लाखात एक, पण त्याला मोटरसायकल सोडून कशातच रस नाही. आणि मला हा धंदा हवाय. पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, तेव्हा रोज दुपारी डबा उघडताना वाटायचं, की मी एका वेळी सातशे माणसं जेवू घालू शकते आणि इथं बसून कुणाच्या तरी तक्त्यातल्या चौकटी रंगवतेय. उगाच लाजत नाही, सरळ सांगते. मला तो मनापासून हवाय.

अप्पांना मी म्हटलं, मी धंदा माझ्या पद्धतीनं करीन. सामान मागवणं, वाढपी ठरवणं, मांडववाल्याला सांगणं, घरोघर आमंत्रणाचे निरोप धाडणं, हे सगळं एक एआय एजंट ओळीनं करील आणि मी चुलीपाशी उभी राहीन. अप्पांनी मिशी चोळली आणि म्हणाले, "एक मोठं कार्य तुह्या यंत्रावर पार पाड. मी मधी बोलनार नाय. पार पडलं तर धंदा तुहा, नाय तर गोकुळचा."

कार्यही ठरलंय. सांडू अण्णांच्या मेघाचं लग्न पाच डिसेंबरला करमाडला आहे, नवरदेव तिकडचा. आदल्या दिवशी चार तारखेला दुपारी इथं गावजेवण. सातशे पान.

एजंट मी जोडून घेतलाय, प्रत्येक कामासाठी त्याला एकेक साधन दिलंय, पण तो भलत्या वेळी भलतंच साधन उचलतो. तू म्हणे कंपनीत दिवसभर या साधनांची वर्णनंच लिहितेस. असल्या कामाचा पगार मिळतो यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही, तरी मदत कर.

तुझी,
संस्कृती


छत्रपती संभाजीनगर
८ नोव्हेंबर २०२५

संस्कू,

पहिल्या वाक्यालाच हसले. दुसऱ्यापर्यंत थांबायची गरज पडली नाही.

माझं काम काय आहे हे माझ्या घरीसुद्धा कुणाला कळलेलं नाही. बाबा लोकांना सांगतात, मुलगी कंपनीत सूचना लिहिते. आई सांगते, मुलगी कंपनीत आहे. तुला तरी नीट सांगते. समज, तुझ्याकडे एक फार हुशार माणूस स्वयंपाकाला आलाय. त्याला सगळं येतं, पण तुझ्या घरातले डबे त्याला माहीत नाहीत. डब्यात डोकावून बघायची त्याला सवय नाही, तो फक्त वरची चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर "पांढरी पूड" एवढंच असेल, तर तो मीठ, पिठीसाखर, खायचा सोडा यांतलं काहीही घालील आणि स्वयंपाक उत्तम झाला असं तुला नम्रपणे कळवील. तो माणूस म्हणजे एजंट, डबे म्हणजे त्याची साधनं, आणि मी त्या चिठ्ठ्या लिहिते. हे साधन काय करतं, त्याला काय द्यायचं, त्यातून काय मिळतं, ते कधी वापरायचं. आणि सगळे जे लिहायचं विसरतात ते मी आधी लिहिते, की ते कधी वापरायचं नाही.

आमचे साहेब ऋतुराज यांचं मत असं, की कुठलंही वर्णन दोन ओळींच्या वर जाता कामा नये. मी पाच ओळी लिहिते आणि अक्षर बारीक करते. आतापर्यंत पकडली गेले नाही.

तू तुझ्या साधनांची वर्णनं जशी आहेत तशी पाठव. पाठवण्याआधी नीटनेटकी करत बसू नकोस. मला तुझा मूळ गोंधळच बघायचाय. आणि मी उत्तर देईपर्यंत त्या एजंटच्या हाती कुठलंही कार्य देऊ नकोस. नक्को म्हणजे नक्को.

मुकुंदवाडी स्टेशनात गाडीची शिटी झाली. म्हणजे साडेसहा वाजले, आणि मी अजून ऑफिसातच आहे.

अश्लेषा


पिशोर
१७ नोव्हेंबर २०२५

अश्लेषा,

तू नक्को म्हणालीस, आणि मी दिलं.

काल रविवारी विशाखाच्या मुलीचं बारसं होतं. विशाखा म्हणजे गोकुळची बहीण. साठ माणसांचं कार्य, घरातलंच, म्हटलं रंगीत तालीम करून घ्यावी. आता माझा मूळ गोंधळ बघ. माझ्याकडं दोन साधनं आहेत. एकानं वाढप्यांना कामावर यायला कळवायचं, दुसऱ्यानं पाहुण्यांना आमंत्रण धाडायचं. दोन्हींच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, "लोकांना निरोप पाठवण्यासाठी." एजंटनं वरचं उचललं.

साठही पाहुण्यांना निरोप गेला, की रविवारी सकाळी सात वाजता पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून हजर राहावे, दाढी केलेली असावी, टोपी व हातमोजे जागेवर मिळतील.

आणि ते आले. अश्लेषा, सगळे आले. कुणी एका शब्दानं विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, हल्ली शहरात बारशाची हीच पद्धत असेल आणि आपण अडाणी ठरायला नको. बायकांनी साडीवर नवऱ्याचे पांढरे शर्ट चढवले होते. विशाखाच्या सासऱ्यांनी अकरा वर्षांची दाढी उतरवली, बाळानं त्यांना ओळखलं नाही आणि भोकाड पसरलं. तिच्या एका मामांना हाच निरोप चारदा गेला. त्यांना वाटलं काहीतरी तातडीचं आहे, म्हणून ते पहाटे पाचलाच येऊन ओट्यावर बसले. मी पातेल्यामागं लपले. तेवढ्यात टोप्या वाटल्या गेल्या, आणि टोपी डोक्यावर आल्यावर माणसाला वाढावंसंच वाटतं. एकोणसाठ जण वाढायला उभे, आणि पंगतीत एकटा गोकुळ, कारण त्यानं मोबाइल बघितलाच नव्हता. एकोणसाठ माणसांनी त्याला आग्रह केला. तो आज उठलेला नाही.

अप्पा कोपऱ्यात उभे होते. ठरल्याप्रमाणं एक अक्षर बोलले नाहीत. दोन लाडू खाल्ले आणि पाणी प्यायले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सतरा दिवस उरलेत. सगळ्या चिठ्ठ्या सोबत जोडल्यात. हस, पण हसून झाल्यावर लिही.

संस्कृती


छत्रपती संभाजीनगर
१९ नोव्हेंबर २०२५

संस्कू,

मी ऑफिसात टेबलाखाली गेले होते. ऋतुराज साहेबांना वाटलं मला चक्कर आली, म्हणून ते पाणी घेऊन आले. मग त्यांना तुझं पत्र वाचून दाखवावं लागलं. दाढीपर्यंत त्यांनी धीर धरला. त्यानंतर ते स्वतःच खाली बसले. उठल्यावर म्हणाले, अश्लेषा, यापुढे तुम्ही पाच ओळी लिहीत जा. म्हणजे विशाखाच्या सासऱ्यांची दाढी वाया गेलेली नाही, हे त्यांना कळव.

आता कामाचं. तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या मी नव्यानं लिहिल्या. गोंधळवाल्या दोन इथं देते.

"वाढपी बोलवा. पंगतीत वाढण्याचं काम करणाऱ्या ठरलेल्या माणसांना वेळ आणि पोशाख कळवण्यासाठी. फक्त वाढप्यांच्या यादीतली नावं चालतील. यजमानांच्या पाहुण्यांसाठी कधीही वापरू नये. कोण येणार आणि कोण नाही, याची यादी परत मिळते."

"आमंत्रण पाठवा. यजमानांनी दिलेल्या यादीतल्या घरांना कार्याचा दिवस, वेळ आणि जागा कळवण्यासाठी. वाढपी, मांडववाले किंवा दुकानदार यांच्यासाठी वापरू नये. एका घराला एका कार्याचा निरोप एकदाच जाईल. दुसऱ्यांदा पाठवू नये."

शेवटची ओळ त्या पहाटे पाचच्या मामांसाठी घातली आहे. पण ती घालताना मला एक शंका आली, म्हणून विचारते. तुमच्याकडे एकाच घराला एकाच कार्यासाठी दुसऱ्यांदा निरोप द्यायची वेळ कधी येते का? तू गावची आहेस, मी सिडकोत वाढले. आमच्या शेजारच्यांना आम्ही आमंत्रण देतो आणि ते येत नाहीत, आमची पद्धत एवढीच. नीट आठवून सांग.

अश्लेषा

ता. क. गोकुळ उठला का?


पिशोर
२ डिसेंबर २०२५

अश्लेषा,

उठला. जिलबी बघून पुन्हा आडवा झाला.

तुझ्या चिठ्ठ्या घातल्यापासून एजंट इतका शहाण्यासारखा वागतोय, की मला त्याची भीती वाटायला लागलीय. वांगी कन्नडहून कुठल्या गाडीनं येणार, मांडव किती वाजता उभा राहणार, बावीस वाढप्यांपैकी कुणाच्या टोपीचं माप मोठं, सगळं त्याला पाठ आहे. कालपर्यंत दोनशे बारा घरांना आमंत्रण पोचलं. एकालाही टोपी मिळणार नाहीये.

तू विचारलंस त्याचं उत्तर, नाही. एकदाच. मी लहानपणापासून प्रत्येक गावजेवणाला मायसोबत चुलीपाशी असते, दुसरा निरोप गेल्याचं मला तरी आठवत नाही. ओळ तशीच राहू दे.

एका गोष्टीचा मात्र मी बंदोबस्त केलाय. प्रत्येक कार्यात दुपारी बाराच्या सुमाराला, ऐन गडबडीत, अप्पा तासभर गायब होतात. माय म्हणते पाय मोकळे करायला जातात. माझी खात्री आहे, टपरीवर तंबाखू मळत बसतात. या वेळी मी त्यांना सांगितलं, अप्पा, तुम्ही मधे बोलणार नाही ना, मग मांडवात खुर्ची टाकते, त्यातून उठायचंही नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलणार होते, पण शब्द दिलेला होता म्हणून गप्प बसले. मला उगाच हसू आलं.

परवा. मी आत्ताच पत्रावळ्या तिसऱ्यांदा मोजून आले.

संस्कृती


पिशोर
६ डिसेंबर २०२५

अश्लेषा,

गेलं सगळं. आधी सांगून टाकते, म्हणजे तू उगाच आशेनं वाचणार नाहीस.

बारा वाजेपर्यंत मी राणी होते. वरण दाटसर, वांग्याची भाजी तिखटजाळ, बट्ट्या तुपात न्हालेल्या. साडेबाराला पहिली पंगत मांडली. आमच्याकडं पहिली पंगत जुन्या जाणत्या माणसांची. ते बसल्याशिवाय बाकीचं गाव पाटावर टेकत नाही. पत्रावळ्या मांडल्या, पाणी ठेवलं, आणि कुणी आलंच नाही. पाचशे माणसं मांडवात उभी, भुकेली, आणि दोनशे पानं रिकामी. एक वाजला. बट्ट्या थंड होऊन कडक व्हायला लागल्या. सांडू अण्णा माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. हळूच विचारलं, जुनं गाव आमच्यावर रुसलं का? हळदीच्या अंगानं बसलेली मेघा आतून रडायला लागली. लेकीच्या लग्नाला जाणत्यांनी पान नाकारलं असं झालं, तर सांडू अण्णा गावात वर मान करून चालू शकले नसते.

मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, दोनशे बाराही घरांना आमंत्रण पोचलं आहे, त्रेचाळीस घरांतून कुणी आलेलं नाही, त्यांना पुन्हा निरोप पाठवण्यास मनाई आहे. तीनदा विचारलं, तीनदा तेच, आणि दर वेळी इतक्या अदबीनं की मोबाइल वरणात टाकावा.

अप्पांकडं धावले. ते खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. म्हणाले, मधी बोलनार नाय म्हनलो व्हतो. त्यांचे डोळे मात्र वेशीकडच्या गल्लीवर होते. मी त्या गल्लीत पळाले.

पहिलंच घर सोमनाथबाबांचं. बाबा उंबऱ्याच्या आत बसलेले, इस्त्रीचं धोतर, पांढरा फेटा, पायात वहाणा, हातात काठी. अंगावर आमंत्रणाची पूर्ण तयारी. मी म्हटलं, बाबा, निरोप मिळाला नाही का? त्यांनी मोबाइल काढून निरोप दाखवला. वाचला होता. मग म्हणाले, "ह्ये कार्याचं निमंत्रन झालं. पान वाढलंय ह्ये कोन सांगनार? पुंजाराम येतो, उंबऱ्यापाशी हुभा ऱ्हातो, 'चला, पान वाढलंय' म्हनतो, मंग मानूस उठतो. आपल्या मनानं उठून जेवायला जायाला आपन काय उपाशी हाव?"

आणि अश्लेषा, त्यांच्या पोटातून आवाज येत होता. ते सकाळपासून जेवले नव्हते.

दुपारी बारा ते एक. माझ्या जन्माच्या आधीपासून अप्पा त्या तासात जुन्या घरांच्या उंबऱ्यांवर उभे राहून येत होते, आणि मी त्यांच्या नावावर तंबाखू लिहून ठेवली होती. वर त्यांना खुर्चीत बसवलं. मीच.

तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज. गोकुळ. "बस," म्हणाला. त्रेचाळीस घरं आम्ही केली. प्रत्येक उंबऱ्यापाशी मी उडी मारायची, "चला, पान वाढलंय," आणि पुन्हा मागं बसायचं. पाचव्या घरी आवाज फुटला, दहाव्या घरी मला हसू आवरेना, विसाव्या घरी म्हाताऱ्याही हसायला लागल्या. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना गोकुळनं गाडीवर दोघा-दोघांना बसवून मांडवात सोडलं. इतका खूश मी त्याला कधीच बघितला नव्हता. सव्वादोनला पहिली पंगत बसली. बट्ट्या पुन्हा निखाऱ्यांच्या आरावर टाकल्या, वरण उकळलं, कुणी उपाशी गेलं नाही. सांडू अण्णांनी डोळे पुसले. काल मेघा करमाडला लग्न लागून सासरी गेली.

पण कार्य यंत्रावर पार पडलं नाही, अश्लेषा. ते पळून पार पडलं. अप्पा खुर्चीतून उठले आणि घरी गेले. रात्री एवढंच म्हणाले, संक्रांतीनंतर बघू. मला हसू येतंय आणि रडूही येतंय, आणि दोन्हींत कुणी आधी जावं यावर त्यांचं एकमत होत नाहीये.

संस्कृती


छत्रपती संभाजीनगर
८ डिसेंबर २०२५

संस्कू,

तुझी अर्धी चूक मी घेते. नाही म्हणू नकोस, ती माझीच आहे.

त्या चिठ्ठीवर मी नियम लिहिला, आणि तो कशासाठी आहे हे लिहिलं नाही. "दुसऱ्यांदा पाठवू नये, कारण तोच निरोप पुन्हापुन्हा आला की माणसं घाबरून पहाटे येऊन बसतात," एवढं लिहिलं असतं तर त्यानं रिकाम्या पंगतीकडे बघून निदान तुला विचारलं असतं, की इथं ते कारण लागू आहे का. नुसता नियम दिला, म्हणून त्यानं नुसता नियम पाळला. आमच्या धंद्यात ही पहिल्या महिन्याची चूक आहे आणि मी चौथ्या वर्षी केली. ऋतुराज साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं आणि आता ऑफिसात प्रत्येक "करू नये"पुढे "कारण" लिहायचं ठरलंय. तुझे सोमनाथबाबा इथं फार मोठे झालेत.

आता पुढचं. "आमंत्रण" आणि "बोलावणं" ही दोन वेगळी साधनं कर. पहिलं मोबाइलवरून जाऊ दे. दुसरं पायानं. त्या दुसऱ्या साधनाचं नाव ठेव "पुंजाराम". पान वाढलं की एजंटनं अप्पांना फोन करायचा, आणि अप्पांनी निघायचं. माणूसही साधन म्हणून जोडता येतो, आम्ही करतो तसं. फक्त त्यांची चिठ्ठी त्यांना विचारून लिही. कधी वापरायचं, कधी नाही, आणि कारण. मला तेवढं जमणार नाही, मी त्यांना फक्त जेवणापुरती ओळखते.

धंदा गेला असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस.

अश्लेषा


पिशोर
२६ डिसेंबर २०२५

अश्लेषा,

मी विचारलं नाही. त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही, म्हणून चिठ्ठी मीच लिहिली. "पुंजाराम. अडचण आल्यास फोन करावा."

परवा एक छोटा साखरपुडा होता. एजंटनं अप्पांना एकतीस फोन केले. वाढपी चार मिनिटं उशिरा आला, ही अडचण आहे का. आभाळ भरून आलंय, ही अडचण आहे का. नवरीचे काका दुसऱ्यांदा भजी मागताहेत, ही अडचण आहे का. अप्पांनी एकतीसही उचलले. प्रत्येक वेळी उपरणं सारखं करून, घसा साफ करून, "हां, बोला सायेब." माय म्हणते, चाळीस वर्षांत हे माझ्याशी एवढं बोलले नाहीत. रात्री त्यांनी स्वतःच्या हातानं मोबाइल चार्जिंगला लावला. त्यांना कुणी काही विचारावं यासाठी ते किती उतावीळ झाले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

दहा जानेवारीला सोमनाथबाबांची पंचाहत्तरी आहे. मोठं कार्य. त्रेचाळीसातलं एक घर यजमान, म्हणून बेचाळीस घरांना बोलावणं. अप्पा जातील. घरं त्यांची आहेत, त्यांनीच जावं. मी स्वयंपाक बघीन. त्यानंतर ते गोकुळचं नाव घेतील, आणि मी हसून हो म्हणीन, असं ठरवलंय. मला फार वाईट वाटणार आहे. आत्तापासूनच वाटतंय.

तू अप्पांना एक पत्र लिही ना, चिठ्ठीबद्दल. तुझं ते ऐकतील. मला विचारवत नाही.

संस्कृती


पिशोर
११ जानेवारी २०२६

अश्लेषा पोरी,

पिशोरहून पुंजारामचा तुला आशीर्वाद. मी बोलतो तसं गोकुळ मोबाइलवर लिहितोय. तुहं पत्र पोचलं. तू मला माही चिठ्ठी लिहाया सांगितली. ती खाली हाय. आधी काल काय झालं त्ये ऐक.

बाराला सायेबाचा फोन आला, पान वाढलंय. निघालो. पहिल्याच उंबऱ्यापाशी हुभा ऱ्हाऊन म्हनलो, चला. आतून म्हातारी म्हनली, पोरगी कुठंय? म्हनलो, मी आलो ना. तर म्हनती, "तू दरसालचाच हायस. गेल्या बारीला तुही पोरगी पळत आली, घामानं भिजलेली, हसत व्हती. भूक नव्हती तरी जावंसं वाटलं. तिला धाड." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हाताऱ्यानं मला बसाया पाट दिला आन् सवता उठला नाय. सात घरं झाली. आठव्या ओट्यावर मी बसून घेतलं.

पोरी, खोटं कामून सांगू, मला लागलं. चाळीस वर्सं त्या गल्लीत माह्याच आवाजानं मानसं उठत व्हती. बसल्या जागी डोळं भरलं. आन् त्याच वक्ताला लई हसू आलं. मी गावाला विचारलं नव्हतं, धंदा कुनाला द्यावा. घरात बसून भावकीशी खल करत व्हतो. गावानं महिनाभर आधीच देऊन टाकला व्हता.

सायेबाला फोन लावला. म्हनलो, संस्कृतीला धाडा. ती हातातला डाव टाकून आली, गोकुळच्या गाडीवर बसून. अर्ध्या तासात बेचाळीस घरं उठली. तवर मी भाजीपाशी हुभा व्हतो. सांच्याला तिला म्हनलो, धंदा तुहा. ती पहिल्यांदा हसली, मंग रडली, मंग म्हनली, अश्लेषाला कळवा, ती दोन्ही बरोबर लिहून काढंल. गोकुळला म्हनलो, तुला वाईट वाटलं का. तो म्हनतो, मी सुटलो. ह्ये त्यानं सवताच लिहिलंय, माह्या आधी.

आता चिठ्ठी. जशीच्या तशी टाक, ओळी कमी करू नको.

"पुंजाराम. आचारी, चाळीस वर्सांचा. काय सांगतो: मीठ, आच, आन् कोन कुनाशी बोलत नाय म्हंजी पंगतीत शेजारी बसवू नये त्ये. बोलावन्याला धाडू नये, त्या कामाला आता संस्कृती हाय. कधी विचारावं: पोरगी अडली आन् तिनंच विचारा म्हनलं तर. कधी विचारू नये: ती अडली नसताना. कारन: विचारलं की मी बोलनार, मी बोललो की ती ऐकनार, आन् मंग धंदा परत माहाच व्हईल."

पुंजाराम